एका पिढीचें गांव

सेलूसारख्या गांवांतील मध्यम स्थितीच्या घरांत अलीकडे एक नवा विषय बोलण्यांत येऊं लागला आहे. पूर्वीं मुलगा पुण्यास नोकरीला लागला म्हणजे त्यास खोली बरी मिळाली कीं नाहीं, जेवणाखाण्याची आबाळ तर होत नाहीं ना, एवढीच विवंचना घरच्यांस असे. आतां काळजीची दिशा उलटली आहे. मुलगाच पुण्याहून विचारतो, "बाबा, एवढ्या मोठ्या वाड्यांत तुम्ही दोघेंच किती दिवस राहणार? इकडे ज्येष्ठांकरितां बांधलेली एक वसाहत आहे. एकदां येऊन पाहून तरी जा." मागोमाग रंगीत माहितीपत्रक येतें. त्यांत बाग असते, दवाखाना असतो, भोजनगृह असतें, देऊळही असतें. आणि अगदीं तळाशीं एक ओळ असते : पहिल्या टप्प्यांतील सर्व घरें विकलीं गेलीं, दुसऱ्या टप्प्याची नोंदणी चालू आहे, तिसरा टप्पा लवकरच.

घरांत चर्चा होते ती बागेची, दवाखान्याची आणि किंमतीची. तळच्या ओळीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. फार तर, "मागणी आहे, म्हणजे चांगलेंच असणार," असें म्हणून ती सोडून देतात. प्रस्तुत लेख त्या ओळीविषयीं आहे. ज्या वसाहतींत आपले आईबाप आयुष्याचीं शेवटचीं पंधरा-वीस वर्षें काढणार, ती वसाहत झपाट्यानें वाढत असेल, तर तेथें राहणाऱ्यांस तें सुखाचें होतें कीं जाचाचें, आणि त्या वाढीबाबत त्यांचें कोणी ऐकतें काय, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ कुटुंबानें आधीं विचारावयास हवा.

प्रश्न आजचा असला तरी त्याचें बीज जुनें आहे. १९६१ च्या खानेसुमारींत भारतांत साठी ओलांडलेलीं माणसें सुमारें अडीच कोटी होतीं. एकूण लोकसंख्येशीं त्यांचें प्रमाण शेंकडा ५.६ पडे. २०११ च्या खानेसुमारींत ही संख्या दहा कोटींच्या वर गेली व प्रमाण शेंकडा ८.६ झालें. महाराष्ट्रांत तें शेंकडा ९.९ भरलें, म्हणजे जवळजवळ दर दहा माणसांत एक. आयुर्मान वाढलें, मुलें थोडीं झालीं, आणि तीं थोडीं मुलेंही नोकरीमागें दूर गेलीं. ह्या तीन गोष्टी एकाच काळांत घडल्यामुळें, जें काम एकत्र कुटुंब न बोलतां करीत असे, तें पैसे देऊन करवून घेण्याची सोय निघाली. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं गृहस्थाश्रमापुढें वानप्रस्थ सांगितलाच आहे. मात्र पूर्वींचा वानप्रस्थ वनांत जाई व तेथें त्यास एकांत मिळे. आजचा वानप्रस्थ जेथें जातो तें वनच भराभर भरत चाललें आहे.

महाराष्ट्रांत ह्याचा पहिला धडा पुण्यानें गिरविला. पेन्शनरांचें गांव अशी त्याची ख्याति होती. सरकारी नोकरी संपली म्हणजे डेक्कन जिमखान्यावर किंवा एरंडवण्यांत लहानसा बंगला बांधावा, सकाळीं टेकडीवर फिरावयास जावें, दुपारीं वाचनालयांत बसावें, हें कित्येकांचें आयुष्यभराचें स्वप्न असे. १९५१ सालीं पुणें शहराची वस्ती पांच लाखांच्या आंत होती. २०११ सालीं महापालिकेच्या हद्दींत ती एकतीस लाखांवर गेली. पुढें २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें हद्दींत घेण्यांत आलीं. ज्या स्वस्थतेसाठीं आम्ही येथें आलों ती मागून आलेल्यांनीं संपविली, असें जुने पुणेकर म्हणतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु त्या मागून आलेल्यांतच आपलीं परभणी-सेलूचीं मुलें आहेत, हें आपण विसरतां कामा नये. गांव वाढलें म्हणून दवाखाने वाढले, आणि गांव वाढलें म्हणूनच म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडणें कठीण झालें. एकाच वाढीच्या पोटीं हीं दोन्ही फळें आलीं.

बंगल्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहूं लागल्या, तसतशी वृद्धांसाठीं निराळ्या वसाहती बांधण्याची कल्पना मूळ धरूं लागली. ह्या शतकाच्या आरंभीं परांजपे स्कीम्स ह्या पुण्याच्या बांधकाम-व्यावसायिकांनीं 'अथश्री' नांवानें अशी वसाहत काढली, आणि पुढें त्याच नांवाच्या वसाहती पुण्याच्या निरनिराळ्या भागांत व पुण्याबाहेरही झाल्या. दुसऱ्याही अनेकांनीं हा मार्ग धरला. वृद्धाश्रम व ही वसाहत यांत मोठा भेद आहे. वृद्धाश्रमांत माणसाला दुसऱ्याच्या घरचे नियम पाळावे लागतात. येथें तो आपल्या घरांत, आपल्या देवघरापाशीं, आपल्या वेळापत्रकानें राहतो; स्वयंपाक करावासा वाटला तर करतो, नाहीं तर भोजनगृहांतून डबा आणतो; आणि अडचणीच्या वेळीं हांकेला ओ देणारें माणूस जवळ असतें. सुशिक्षित घरांना ही कल्पना पटली यांत नवल नाहीं. पटली म्हणूनच मागणी वाढली, आणि मागणी वाढली म्हणून टप्प्यामागून टप्पे निघूं लागले.

आपल्याकडे हा प्रकार पाव शतकाचा आहे. अमेरिकेंत त्याला साठांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. तेथील रहिवाशांचा अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. ॲरिझोना संस्थानांत १ जानेवारी १९६० रोजीं 'सन सिटी' नांवाचें केवळ निवृत्तांचें नगर विक्रीस खुलें झालें, आणि पहिल्या तीन दिवसांत सुमारें एक लाख माणसें तें पाहून गेलीं. ह्या नगराला सीमा होती. तें भरत आलें तेव्हां, १९७८ च्या सुमारास, बांधणारांनीं पलीकडे 'सन सिटी वेस्ट' हें दुसरें नगर वसविण्यास घेतलें. त्यामुळें जुन्या नगरांतील माणसाला आपलें गांव केवढें राहणार ह्याचा अंदाज आला.

फ्लॉरिडा संस्थानांतील 'द व्हिलेजेस' ह्या वसाहतीची कथा निराळी. फिरत्या घरांच्या एका वस्तींतून ती गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत वाढूं लागली. बहुतेक घरांत निदान एक माणूस पंचावन्न वर्षांवरचें असलें पाहिजे, आणि एकोणीस वर्षांखालील मुलांनीं वर्षांतून तीस दिवसांपेक्षां अधिक मुक्काम करूं नये, असे तेथले नियम आहेत. गोल्फचीं मैदानें, करमणुकीचे चौक, छोट्या गोल्फ-गाड्यांसाठीं वेगळ्या वाटा, असा सगळा थाट आहे. २०१० सालीं ह्या महानगर-क्षेत्राची वस्ती सुमारें ९३,००० होती. २०२० सालीं ती सुमारें १,३०,००० झाली. दहा वर्षांत शेंकडा ३९ ही वाढ त्या खानेसुमारींत अमेरिकेंतील सर्व महानगर-क्षेत्रांपेक्षां अधिक वेगाची ठरली. कारखान्यांच्या व विद्यापीठांच्या शहरांना मागें टाकून म्हाताऱ्यांच्या गांवानें पहिला क्रमांक घ्यावा, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे.

वाढीबरोबर तंटाही आला. नवीं घरें म्हणजे नवे रस्ते, आणि नवे रस्ते म्हणजे खर्च. २०१९ सालीं तेथील सम्टर परगण्याच्या मंडळानें मालमत्तेवरील करांत शेंकडा २५ वाढ केली. अनेक रहिवाशांनीं आक्षेप घेतला कीं, नव्या घरांमुळें पडणारा भार नवीं घरें बांधणारानें उचलावा. आमच्या पेन्शनीवर तो कां? २०२० च्या निवडणुकींत त्यांनीं मंडळाचे तीन जुने सभासद पाडले आणि आपल्या मताचे तीन निवडून दिले. नव्या मंडळानें बांधकामावरील आकार वाढविण्याचें मनावर घेतलें. तोंच २०२१ सालीं संस्थानच्या कायदेमंडळानें असे आकार किती व किती वेगानें वाढवावेत यावर मर्यादा घालणारा कायदा केला. रहिवाशांनीं मत दिलें, पण दोरी वरच्या हातांत राहिली. तरी एकजुटीचा उपयोग होत नाहीं असें मात्र नव्हे. ह्याच वसाहतींतील रहिवाशांनीं सामाईक सोयींच्या देखभालीबद्दल दावा लावून २००८ सालीं सुमारें चार कोटी डॉलरांची तडजोड पदरांत पाडून घेतली होती. ह्या सर्व भांडणांच्या मुळाशीं दोनच प्रश्न दिसतात : वाढीचा खर्च कोणीं सोसावा, आणि वाढ ठरविण्याचा अधिकार कोणाचा.

आतां खुद्द रहिवाशांचीं मतें पाहूं. फ्लॉरिडा असो कीं पुणें, अशा वाढत्या वसाहतींत साधारणतः तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष आधीं आलेल्यांचा. ते म्हणतात, "आम्ही आलों तेव्हां सकाळीं फिरतांना भेटणाऱ्या प्रत्येकाचें नांव ठाऊक असे, आतां लिफ्टमध्यें शेजारीं उभा राहणारा कोण हें कळत नाहीं." जेवणाला थांबावें लागतें, डॉक्टर येण्याच्या दिवशीं रांग लागते, आणि शेजारच्या टप्प्याच्या बांधकामाची धूळ दम्याच्या रोग्याच्या खोलींत येते. ही तक्रार हेकटपणाची म्हणून उडवून लावण्यासारखी नाहीं. धूळ-आवाजाचीं तीन वर्षें तिशींतला माणूस सहज सोसतो. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा तो मोठा हिस्सा असतो.

दुसरा पक्ष मागून आलेल्यांचा. त्यांचा सवाल सरळ आहे : "तुम्ही आलां तेव्हां दार उघडें होतें, मग आमच्या वेळींच तें कां लावावें?" वस्ती मोठी झाली म्हणून औषधांचें दुकान चालतें, रुग्णवाहिका दाराशीं ठेवणें परवडतें, भजनाला पेटी वाजविणारा मिळतो, पत्त्यांच्या डावाला चौथा गडी सांपडतो. रात्रंदिवस परिचारिका ठेवण्याचा खर्च चाळीस घरांवर वांटला तर जड जातो, चारशें घरांवर वांटला तर हलका होतो. हेंही खरेंच आहे.

तिसरा पक्ष अबोल आहे, आणि त्यांत बहुधा स्त्रियाच असतात. यजमान गेले, मुलें परदेशीं, आणि स्वतःचें वय ऐंशीच्या पुढें. वसाहत वाढली काय आणि राहिली काय, त्यांना त्याचें विशेष वाटत नाहीं. रात्रीं दोन वाजतां घंटा दाबली तर कोणी येईल का, आणि किती वेळांत, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. सभेंत हा पक्ष हात वर करीत नाहीं. परंतु वाढ चांगली कीं वाईट हें ठरवावयाचें झाल्यास पहिल्या दोन पक्षांच्या युक्तिवादापेक्षां ह्या प्रश्नाचें उत्तर अधिक उपयोगाचें आहे. घरें दुप्पट झालीं आणि घंटेला ओ मिळण्यास पूर्वींइतकाच वेळ लागतो, तर वाढ पचली असें समजावें. वेळ दुप्पट लागूं लागला, तर ती पचली नाहीं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ह्या वसाहतींचें मर्म चटकन उमगावें. आपल्या घरांत सासू थकते त्याच सुमारास सून जाणती झालेली असते. आजोबांच्या हातीं काठी येते तेव्हां नातवाचे पाय धांवूं लागलेले असतात. एक पिढी उतरणीला लागते तेव्हां दुसरी चढणीवर असते, आणि त्यावर घराचा गाडा चालतो. वृद्धांची वसाहत म्हणजे एकाच पिढीचें कुटुंब. समजा, तीनशें जोडपीं पासष्टीच्या आसपास एकाच वर्षीं राहावयास आलीं. पहिलीं दहा वर्षें आनंदांत जातात. सहली निघतात, गणेशोत्सव थाटानें होतो, कार्यकारी मंडळावर काम करण्यास माणसें उदंड मिळतात. पंधरा वर्षांनीं तीं सगळींच ऐंशीच्या घरांत येतात, आणि तींही एकदम. मग चिटणीस होण्यास कोणी पुढें येत नाहीं, शेजाऱ्याला दवाखान्यांत नेण्यास गाडी चालविणारा उरत नाहीं, आणि परिचारिका मात्र सर्वांनाच हवी असते. कांहीं घरें रिकामीं होऊन नव्यांच्या हातीं जातात खरीं. परंतु वारसांचें एकमत होईपर्यंत कित्येक घरांना वर्षानुवर्षें कुलूपच राहतें. अशा गांवांत पाळणा हलत नाहीं. नवें बिऱ्हाड येणें हेंच तेथील बारसें.

म्हणून आधीं आलेल्यांनीं वाढीला सरसकट विरोध करणें त्यांच्याच हिताचें नाहीं. साठीचीं माणसें ऐंशीच्या माणसांच्या उपयोगी पडतात. आणि तीं स्वतः ऐंशीचीं होतील तेव्हां मागून कोणीतरी साठीचें आलेलें असावें लागतें. परंतु येथेंच वेगाचा प्रश्न उभा राहतो. पांच वर्षांत हजार घरें भरून टाकलीं तर तीं हजार घरेंही एकाच वेळीं म्हातारीं होणार. दर वर्षीं थोडीं थोडीं भरत गेलीं तर वयांची उतरंड नीट लागते. परसांत मेथी लावणारी गृहिणी सगळे वाफे एकाच दिवशीं पेरीत नाहीं. आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानें पेरते, म्हणजे घरांत भाजी खंडत नाहीं. वसाहत वसविणारांनाही हाच हिशेब लागू आहे. मात्र त्यांचें भांडवल अडकलेलें असतें, व्याज चढत असतें, आणि घरें शक्य तितक्या लवकर विकलीं जावींत यांत त्यांचें हित असतें. रहिवाशाचें हित सावकाशींत आणि बांधणाराचें घाईंत, हा विरोध कोणाच्या दुष्टपणानें उत्पन्न झालेला नाहीं; तो व्यवहारांतच आहे. म्हणूनच तो आधीं ओळखून कागदावर मिटविला पाहिजे.

वेगाचें दुसरें अंग सोयींचें. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. परिचारिका, मदतनीस बाया, म्हाताऱ्यांच्या तऱ्हेवाईकपणाला न कंटाळणारा रखवालदार, हीं माणसें इतक्या लवकर तयार होत नाहींत. पाण्याचेंही तसेंच. पुण्याच्या कडेच्या वस्त्यांत उन्हाळा आला कीं टँकरांच्या फेऱ्या सुरू होतात. त्यांचा खर्च देखभालीच्या मासिक वर्गणींत येऊन पडतो, आणि बँकेंतील ठेवीच्या व्याजावर चालणाऱ्या घराला ती वर्गणी जड होते. मराठवाड्यांतील माणसाला पाण्याचें मोल निराळें सांगावयास नको. २०१६ सालीं लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. असें असतांही घर पाहावयास गेल्यावर आपण फरशीचा रंग विचारतों आणि पाणी कोठून येतें हें विचारीत नाहीं.

कायद्यानें रहिवाशाला अगदींच वाऱ्यावर सोडलेलें नाहीं. स्थावर संपदेविषयींचा २०१६ चा जो कायदा 'रेरा' ह्या नांवानें ओळखला जातो, त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणें मंजूर झालेल्या आराखड्यांत किंवा सामाईक जागेंत मोठा बदल करावयाचा तर घरें घेतलेल्यांपैकीं निदान दोनतृतीयांश जणांची लेखी संमति लागते. परंतु त्याच कायद्यांत प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प म्हणून नोंदवावयाचा असतो. पहिल्या टप्प्यांतील मंडळींची बाग, दवाखाना, भोजनगृह पुढील टप्प्यांनाही वापरावयास मिळणार काय, व मिळणार असल्यास त्या सोयी तितक्या प्रमाणांत वाढणार काय, हें बहुधा करारनाम्याच्या मधल्या पानांत कोठेंतरी लिहिलेलें असतें. तीं पानें वाचल्याशिवाय सही करूं नये. केंद्र सरकारनें २०१९ सालीं निवृत्तांच्या घरांविषयीं नमुनेदार मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, आणि २०२४ सालीं महारेरानें आपल्या राज्यापुरतीं तशीं तत्त्वें घालून दिलीं. लिफ्ट, चाकाच्या खुर्चीसाठीं उतरण, निदान ९०० मिलिमीटर रुंदीचीं दारें, न्हाणीघरांत धरावयास दांडे व न घसरणारी फरशी, अशा गोष्टींचा त्यांत समावेश आहे. घर पाहतांना हा तपशील हातांत असावा.

आणखी एक कायदा प्रत्येक घरांत ठाऊक असावयास हवा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीं २००७ सालीं केलेल्या कायद्याच्या २३ व्या कलमांत असें आहे कीं, आपली काळजी घेतली जाईल ह्या अटीवर वृद्धानें मालमत्ता कोणाच्या नांवें करून दिली आणि ती अट पाळली गेली नाहीं, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेतां येतो. मात्र अट बक्षीसपत्रांत स्पष्ट लिहिलेली असणें श्रेयस्कर. वाडा विकून पुण्यास घर घ्यावयाचें, आणि तें घर सोयीसाठीं मुलाच्या नांवें करावयाचें, असे बेत आपल्याकडे मोठ्या विश्वासानें होतात. विश्वास असावाच, पण चार ओळी लिहून ठेवल्यानें तो कमी होत नाहीं.

पुण्याचें इतकें बोललों; आतां घरचेंही बोललें पाहिजे. नवी वीट न बसवितां वृद्धांची वसाहत होण्याचा एक प्रकार आहे, आणि तो आपल्याच गल्लींत चालू आहे. सेलू हें निजामी अमदानीपासूनचें गांव, मनमाडहून येणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरची कापसाची बाजारपेठ. नूतन विद्यालयासारख्या शाळेनें येथील मुलांना पिढ्यान् पिढ्या शिकविलें. मुलें शिकलीं, आणि शिकलीं म्हणूनच गेलीं. ज्या वाड्यांत पक्षाच्या दिवशीं पंचवीस पानें उठत, तेथें आतां रोजचीं दोन ताटें मांडलीं जातात. ढाळजेंत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यास हांक मारणारे आजोबा आहेत, पण त्यांच्या हांकेला धांवत येणारें नातवंड आहे तें भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. पुण्याची वसाहत माणसें आल्यानें वाढते. आपली वसाहत माणसें गेल्यानें वाढते. हिला माहितीपत्रक नाहीं, टप्पे नाहींत, घंटा नाहीं, आणि हिच्या रहिवाशांना त्यांचें मत विचारणारेंही कोणी नाहीं.

तरीही सेलूच्या पारड्यांत एक गोष्ट आहे, जी पुण्याच्या वसाहतींत पैसे टाकूनही मिळत नाहीं. येथें सर्व वयांचीं माणसें आहेत. गल्लींत शाळेला जाणारीं मुलें आहेत, दूध घालणारा आहे, केशवराज महाराजांच्या मंदिरांत दर्शनाला येणाऱ्या नव्या सुना आहेत. वाड्यांतील दोन खोल्या एखाद्या तरुण शिक्षकाच्या बिऱ्हाडाला दिल्या तर भाड्यापेक्षां सोबत मोठी मिळते. शेजारच्या चार-पांच घरांनीं मिळून एक शिकलेली परिचारिका दिवसांतून एकदां फेरी घालण्यास लावली, एका किल्लीची जोड शेजाऱ्यापाशीं ठेवली, आणि रात्रीं बोलावण्यासाठीं एक गाडीवाला ठरवून ठेवला, तर अबोल पक्षाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंही देतां येईल. उरलेलें अर्धें मात्र देतां येत नाहीं. मोठ्या दुखण्याला परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गांठावें लागतें, आणि हृदयविकाराचा माणूस त्या वाटेवर किती तास काढील याचा विचार प्रेमाच्या भरांत टाळून चालणार नाहीं. ज्या घरांत असें दुखणें आहे त्या घरानें पुण्याचा विचार केला तर त्यास कोणी नांवें ठेवूं नयेत.

बांधणारे रहिवाशांना विचारीत नाहींत म्हणून आपण त्यांना दोष देतों. आपल्या घरांत काय होतें? पुण्याचा मुलगा, मुंबईची मुलगी आणि परदेशचा धाकटा हे रविवारीं आपसांत बोलतात, रक्कम ठरवितात, आणि मग वडिलांना कळवितात. वडील होय म्हणतात कीं नाहीं याकडे सर्वांचें लक्ष असतें. आईला तर बहुधा कोणी विचारीतच नाहीं. ती वडिलांबरोबर जाणार हें गृहीत धरलेलें असतें. वास्तविक स्त्रियांचें आयुष्य सरासरीनें अधिक, आणि नवरा बहुधा वयानें वडील. त्यामुळें त्या घरांत शेवटचीं कांहीं वर्षें एकटीनें काढण्याची पाळी तिच्यावरच येण्याचा संभव फार. रात्रीं घंटा दाबावयाची ती तिनें. तेव्हां पहिला शब्द तिचा असावा, आणि तोही सर्वांसमक्ष नव्हे, स्वस्थपणें, एकटीला गांठून विचारलेला असावा.

तिनें व त्यांनीं अनुकूलता दाखविली, तर घर विकत घेण्यापूर्वीं तेथें महिनाभर भाड्यानें राहून पाहावें. पुष्कळ ठिकाणीं तशी सोय असते, नसल्यास विचारून करवून घ्यावी. महिना निवडावा तो वैशाखाचा, म्हणजे पाण्याचें खरें रूप दिसेल. पहिल्या टप्प्यांतील दोन जुन्या बिऱ्हाडांशीं व दुसऱ्या टप्प्यांतील दोन नव्या बिऱ्हाडांशीं ओळख करावी. आणि जेथें एखाद्या आजी एकट्या राहतात त्यांच्याकडे संध्याकाळीं दिवेलागणीनंतर जाऊन बसावें. गेल्या पांच वर्षांत वर्गणी किती वाढली, परिचारिका किती होत्या व आतां किती आहेत, आणि पुढें आणखी किती घरें व्हावयाचीं आहेत, हे तीन आंकडे लिहून आणावेत. तोंवर सेलूच्या वाड्याचा सौदा करूं नये. वाडा तेथेंच आहे. त्याला घाई नाहीं.